तडा गेलेल्या यानाचं कॉमिक कसं काढावं

बिघडलेल्या यानात अडकलेल्या माणसांची गोष्ट काढायला घेतली की बहुतेक जण आधी स्फोट काढतात. दोन पानं भरून ठिकऱ्या, धूर, मागे एखादा ग्रह. मग पाचव्या पानावर हात अडतो. नेमकं काय बिघडलं, किती वेळ उरला आणि कोणाला काय करता येईल, हे ठरलेलंच नसतं. म्हणून पेन्सिलीच्या आधी वही घ्या आणि यानाचा जमाखर्च मांडा. हवा, कार्बन डायऑक्साइड, वीज, पाणी, तापमान असे पाच रकाने पुरतात. यांतला एखादा आकडा बदलला की गोष्ट पुढे सरकते. आकडा न हलवणारं पान बहुतेक वेळा काढून टाकता येतं.

खाली जे सांगितलं आहे ते २४ पानी, छापील, एकट्याने किंवा दोघांनी मिळून काढायच्या अंकासाठी आहे.

हवेचा हिशेब

उदाहरणाला एक यान घेऊ. तीन माणसं, तीन दालनं, प्रत्येक दालनात २० घनमीटर हवा. एक माणूस दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन वापरतो आणि साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. आकारमानात मोजलं तर तिघांचा मिळून रोज सुमारे १.९ घनमीटर ऑक्सिजन खर्च होतो आणि १.६ घनमीटर कार्बन डायऑक्साइड साठतो.

आता एक दालन फुटलं आणि दार लावून घेतलं. उरली ४० घनमीटर हवा. शुद्धीकरण बंद असेल तर चोवीस तासांत कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांवर जातो आणि ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो. १६ टक्के ऑक्सिजन म्हणजे साधारण दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असल्यासारखं. दम लागेल, पण माणूस काम करू शकेल. ४ टक्के कार्बन डायऑक्साइडने मात्र डोकं ठणकतं, श्वास जोरात चालतो, साधी बेरीज चुकायला लागते. आणखी एक दिवस गेला की तो ८ टक्क्यांवर, म्हणजे शुद्ध हरपण्याच्या टप्प्यावर पोचतो. या प्रकारच्या कॉमिकमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथेच होते. पात्रं 'ऑक्सिजन संपतोय' म्हणून ओरडतात आणि खरा मारेकरी त्यांच्याच श्वासातून बाहेर पडत असतो. तुमच्या मोजणीच्या काट्यावर कार्बन डायऑक्साइड दाखवा. वाचकाला ते नवं वाटेल आणि ते खरंही असेल.

तो शोषून घ्यायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे वापरतात. १ किलो पावडर साधारण ०.९ किलो वायू शोषते, म्हणजे तिघांना दिवसाला ३.३ किलोच्या आसपास लागते. प्रत्येकी १.६ किलोचे चार डबे हाताशी उरले आणि बाकीचे फुटलेल्या दालनात अडकले, तर तुमच्याकडे जेमतेम दोन दिवस आहेत. डबे मोजता येतात, हातात धरता येतात, चित्रात काढता येतात. 'हवा ३८ टक्के' असा पडद्यावरचा आकडा वाचक विसरतो. भिंतीवर पट्ट्याने बांधलेले चार डबे आणि पुढच्या पानावर तीन, हे तो विसरत नाही.

भोक किती मोठं?

गळती हे गोष्टीचं घड्याळ असतं, पण ते किती वेगाने चालेल हे भोकाच्या आकारावर ठरतं आणि इथे अंदाज हमखास चुकतो. कामापुरता एक ठोकताळा: दालनांचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, त्याला भोकाच्या सेंटिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाने भागा, आलेल्या आकड्याला ०.७४ ने गुणा. दाब निम्म्यावर यायला तेवढी मिनिटं लागतात.

६० घनमीटरच्या यानात २ मिलिमीटरचं भोक पडलं तर दाब निम्मा व्हायला अठरा तास लागतात. १ सेंटिमीटरच्या भोकाला पाऊण तास, आणि १० सेंटिमीटरच्या भोकाला सव्वीस सेकंद. तिन्हींतून तीन वेगळी कॉमिक निघतात. पहिलं शोधकथा आहे, कारण गळती आहे हे कळतं पण कुठे ते कळत नाही. दुसऱ्यात धावपळ आहे. तिसऱ्यात दार लावण्यापलीकडे कोणाला काही करता येत नाही, आणि दाराच्या पलीकडे कोण राहिलं एवढाच प्रश्न उरतो. २४ पानांसाठी पहिला किंवा दुसरा आकार निवडा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला जोडलेल्या रशियाच्या सोयूझ यानात साधारण २ मिलिमीटरचंच भोक सापडलं होतं. ते कापडाची जाळी आणि इपॉक्सी लावून बुजवलं. वस्तू अगदी घरगुती वाटतात, आणि म्हणूनच त्या चित्रात काढायला छान आहेत.

वीज, पाणी, ऊब

बॅटरीत ३० किलोवॅट-तास आहेत असं धरा. सगळं चालू असताना यान ३ किलोवॅट खात असेल तर दहा तास. मदत सहा दिवसांवर असेल तर १४४ तास काढायचे आहेत, म्हणजे एका वेळी फार तर २०८ वॅट वापरता येतील. आता यादी करा: पंखा ६०, रेडिओ ४०, संगणक ९०, दिवे ३०, हीटर २००. बेरीज ४२०. काय बंद करायचं यावरून तिघांत जे बोलणं होईल, ते तुमच्या कॉमिकचं मधलं प्रकरण. ते लिहायला वेगळा खलनायक लागत नाही.

रकाने एकमेकांना बांधलेले ठेवा. अपोलो १३ या वाटेत स्फोट झालेल्या अमेरिकी चांद्रमोहिमेच्या वेळी चांद्रयानातली उपकरणं थंड ठेवायला पाणी लागत होतं. म्हणून पिण्याचं पाणी कापलं गेलं, माणशी दिवसाला २०० मिलिलिटरच्याही आत. वीज वाचवली तर पाणी वाचतं, पण यान गारठतं. एक दोरा ओढला की दुसरीकडे काहीतरी ताणलं जावं.

तापमानाबद्दल आधीच ठरवून टाका. निर्वात पोकळी थर्मासच्या बाटलीसारखी वागते. उष्णता फक्त प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपातच, बाहेर जाते. म्हणून फुटलेलं यान क्षणात गोठत नाही. उपकरणं बंद केली तर दिवसादिवसाने गारठत जातं. अपोलो १३ च्या केबिनमध्ये तापमान ३-४ अंश सेल्सियसपर्यंत उतरलं होतं आणि भिंतींवर दव जमलं होतं. उलट वीज चालू आहे आणि शीतकरणाची नळी फुटली, तर यान तापतं. १९७३ च्या मे महिन्यात स्कायलॅब या अमेरिकी अवकाश स्थानकाचं संरक्षक आवरण उड्डाणातच उखडलं आणि आतला भाग इतका तापला की पहिल्या तुकडीला वर छत्रीसारखं कापड पसरावं लागलं. थंडी की उष्मा, यांतलं एक घ्या. दोन्ही एकाच अंकात आणलीत तर रंगांचा गोंधळ होतो, तो मुद्दा पुढे येतोच.

कारण छोटं आणि जुनं असावं

उल्का येऊन आदळली हे कारण चालतं, पण त्यातून पुढचं काही उगवत नाही. अपोलो १३ चा स्फोट बघा. ऑक्सिजनच्या टाकीतले हीटरचे स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले होते, जमिनीवरच्या चाचणीत मात्र ६५ व्होल्ट दिले गेले. स्विच चिकटून बसले, टाकी आतून प्रमाणाबाहेर तापली, तारांवरचं टेफ्लॉन जळालं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. १३ एप्रिल १९७० ला, उड्डाणानंतर जवळजवळ ५६ तासांनी, टाकीतला पंखा नेहमीप्रमाणे फिरवला आणि ठिणगी पडली. एका आकड्याची जुनी चूक, एक रोजचं बटण. अशी साखळी आखली की पहिल्या तीन पानांतच ती वस्तू सहज, विनाकारण दाखवता येते, आणि अठराव्या पानावर वाचक मागे पानं उलटून ती शोधतो.

दुसरा धडा रशियाच्या मीर अवकाश स्थानकाचा. २५ जून १९९७ ला प्रोग्रेस हे मालवाहू यान स्पेक्टर दालनावर आदळलं आणि दाब उतरायला लागला. दालन बंद करायचं तर दारातून केबल गेल्या होत्या. आधी त्या सोडवायच्या, कापायच्या, मग दार. आणि त्याच केबलमधून स्पेक्टरच्या सौरपंखांची वीज येत होती. म्हणजे हवा वाचवायची तर वीज तोडायची. एका दारात एवढं सगळं आहे! तुमच्या यानातही एक असं दार असू द्या, ज्यातून सवयीने काहीतरी आरपार टाकलेलं आहे. दुसऱ्या पानावर कोणीतरी त्या केबलखालून वाकून जाताना दाखवा. त्यावर एक शब्दही लिहू नका.

आराखडा आणि पुठ्ठ्याचं यान

यानाचा आडवा आणि उभा छेद ग्राफ पेपरवर काढा, १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर. दारं, खिडक्या, डबे, अग्निशामक, झोपायच्या पिशव्या, हातात धरायच्या कड्या सगळं त्यावर मांडा. मग पुठ्ठ्याचं किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं साधं ठोकळ्यांचं मॉडेल करा. पोत आणि स्क्रू नकोत. भिंती, दारं आणि खिडक्या पुरतात. हे दोन दिवसांचं काम टाळलं तर सातव्या पानावरची खिडकी अकराव्या पानावर समोरच्या भिंतीत जाते आणि वाचकाला दार किती लांब आहे हे कळेनासं होतं. जगण्याच्या गोष्टीत दार किती लांब आहे हाच तर ताण असतो.

वजनरहित जागेत वर-खाली नसतं, पण वाचकाला ते लागतं. उपाय सोपा आहे: प्रत्येक दालनाच्या एका भिंतीला कायमची खूण द्या, पिवळा पट्टा किंवा दिव्यांची रांग, आणि बहुतेक चौकटींत ती वरच ठेवा. चौकट उलटी करायची ती मुद्दाम, एखादं पात्र गोंधळलं असतानाच.

यान गरगरत असेल तर थोडं गणित करा. केंद्रापासून १० मीटरवर, मिनिटाला सहा फेऱ्या झाल्या तर पृथ्वीच्या ४० टक्के वजन जाणवतं. मिनिटाला एक फेरी असेल तर जेमतेम एक टक्का. म्हणजे हळू फिरणाऱ्या यानात वस्तू फक्त एका भिंतीकडे रेंगाळत जातात, आपटत नाहीत. मीरवर टक्कर झाल्यावर स्थानक किती वेगाने फिरतंय हे खिडकीशी अंगठा धरून, ताऱ्यांचं सरकणं बघून मोजलं गेलं होतं. एक अंगठा, एक खिडकी, सरकणारे चार तारे: तीन चौकटींचा शब्दाविना क्रम तयार आहे.

पानांची आखणी

अंकाची पानं चारच्या पटीत ठेवा, कारण मध्ये पिन मारलेल्या अंकात एक कागद दुमडला की चार पानं होतात. पहिला प्रयत्न १६ चा असला तरी चालेल, ३२ चा नको. विषम पान उजवीकडे येतं आणि सम पान उलटल्यावर दिसतं. म्हणून धक्का नेहमी सम पानावर: दार उघडतं ते ५ च्या शेवटच्या चौकटीत, आत काय आहे ते ६ वर.

२४ पानांचा एक चालणारा आराखडा असा. पहिली तीन पानं यान धडधाकट, रोजचं काम, आणि पुढे लागणाऱ्या सगळ्या वस्तू डोळ्यांखालून गेलेल्या. चौथ्यावर बिघाड. पाच ते आठ जमाखर्च, म्हणजे काय गेलं, काय उरलं. नऊ ते सतरा दोन प्रयत्न, पहिला अर्धवट जमतो आणि नवा खर्च उभा करतो. अठरा ते बावीस मोठा निर्णय. शेवटची दोन पानं परिणाम. या रचनेत आठव्या पानानंतर नवं संकट आणू नका. एकामागून एक अपघात होत राहिले की वाचक हिशेब ठेवणं सोडून देतो, आणि मग डबे तीन उरले काय आणि दोन काय, त्याला फरक पडत नाही.

चौकटी पानाला पाच-सहा. एका फुग्यात पंधरा-वीस शब्द, एका चौकटीत तीसच्या वर नकोत. मराठीत एक वाक्य क्रियापदापर्यंत पोचायला जागा घेतं, तेव्हा घाईच्या प्रसंगी क्रियापदच गाळा. माणसं तशीच बोलतात.

गळती शोधण्याचं एक पान लिहून दाखवतो:

पान ९, चौकट १: पूर्ण रुंदी. मधलं दालन, दिवे मंद, पंखा बंद. तिघं तीन भिंतींना धरून स्तब्ध.
कप्तान: कोणी हलू नका. श्वाससुद्धा हळू.

चौकट २: अभियंता बाहीचा एक सुटा दोरा दातांनी तोडते.

चौकट ३: जवळून. दोरा हवेत, वळवळलेला, जागच्या जागी.

चौकट ४: तीच चौकट, तोच कोन. दोरा एका बाजूला सरळ होऊ लागलेला.

चौकट ५: तीच चौकट. दोरा कडेला निम्मा दिसेनासा.

चौकट ६: साठवणीच्या कपाटाची फट, दोरा तिला चिकटलेला. कपाटावर डब्यांची खूण.
अभियंता (चौकटीबाहेरून): ...डब्यांच्या मागे.

चौकट ३ ते ५ मध्ये कॅमेरा हलवू नका. फक्त दोरा हलतो आणि म्हणूनच वाचकाची नजर त्यावर खिळते. पंखा बंद का, हेही आधीच्या पानावर ठरलेलं असलं पाहिजे: पंख्याच्या वाऱ्यात दोरा गळतीकडे जाणार नाही. पण पंखा बंद म्हणजे नाकासमोर स्वतःचाच उच्छ्वास साठतो, कारण वजनरहित जागेत गरम हवा आपोआप वर चढत नाही. म्हणजे या शोधाला मिनिटांची किंमत आहे. जून १९८५ मध्ये मृतवत झालेल्या साल्यूत ७ या सोव्हिएत स्थानकात शिरलेल्या जानिबेकोव्ह आणि साविनिख या अंतराळवीरांना हीच अडचण होती. गोठलेलं स्थानक, बंद पंखे, आणि तोंडाभोवती आपल्याच श्वासाचा ढग.

पृथ्वीशी बोलणं लिहिताना अंतर मोजा. चंद्रापासून संदेशाला एका बाजूने १.३ सेकंद लागतात. मंगळापासून ३ ते २२ मिनिटं. मंगळाजवळच्या यानात प्रश्न आणि उत्तर एकाच चौकटीत येऊच शकत नाही. उत्तर पुढच्या पानावर येतं आणि तोवर परिस्थिती बदललेली असते. याचा फायदा घ्या.

चित्रात पोकळी कशी दिसते

हवा नसेल तिथे दूरची वस्तू फिकी होत नाही. सावलीची कड धारदार असते आणि सावलीतला भाग जवळजवळ काळा. उन्हात चमकणारं यान आणि मागे दाट तारे असं दोन्ही एकत्र डोळ्यांना दिसत नाही. उजेडाच्या चौकटीत आभाळ कोरं काळं ठेवा आणि तारे फक्त सावलीच्या बाजूच्या चौकटींत आणा. मग वाचकाला न सांगता कळतं की आपण यानाच्या कोणत्या अंगाला आहोत.

सैल सोडलेल्या शरीराचे गुडघे किंचित वाकतात, हात छातीसमोर तरंगतात, खांदे वर येतात, चेहरा जरा सुजल्यासारखा होतो. सरळ उभं पात्र काढलंत तर त्याचे पाय कुठेतरी अडकवलेले दिसले पाहिजेत. अश्रू गालावरून ओघळत नाहीत, डोळ्यावरच थेंब फुगत जातो. ज्योत निळसर आणि गोल असते, आणि पंखा बंद असेल तर लवकर मालवते. दव भिंतीवर थरासारखं बसतं. खाली ठिबकत नाही.

पोकळीत सापडलेला माणूस फुटत नाही, क्षणात गोठतही नाही. दहा-पंधरा सेकंद शुद्ध असते. १९६६ मध्ये निर्वात कक्षातल्या चाचणीत सूटची नळी निसटली, तेव्हा तो तंत्रज्ञ साधारण चौदा सेकंदांत बेशुद्ध झाला आणि कक्षात हवा भरल्यावर शुद्धीवर आला. जिभेवरची लाळ उकळत असल्याचं त्याला आठवत होतं. श्वास रोखून धरणं मात्र जिवावर बेततं, छातीतली हवा फुप्फुसं फाडते. तुमच्या पात्राला सूटशिवाय एका दारातून दुसऱ्या दारात जायचं असेल तर तोंड उघडं काढा, आणि अंतर दहा सेकंदांत कापता येईल एवढंच ठेवा.

आवाज

बाहेरच्या चौकटीत आवाजाची अक्षरं काढू नका. धातूला हात टेकला, की धातूतून आणि सूटमधून आवाज पोचतो. मग त्याच चौकटीत, बोटांच्या टोकापाशी, लहान आणि जड 'ठण्ण' येऊ द्या. चार पानं मुकी गेल्यावर एक 'ठण्ण' पान हलवून टाकतो.

आत मात्र मराठीचा खजिना उघडा आहे. बारीक गळती 'सूंऽऽऽ', दाराचं रबर 'फुस्स', वाकणारा पत्रा 'कर्रर्र', सुटलेला बोल्ट 'टक्क'. दाब उतरला की हवा विरळ होते आणि आवाज क्षीण होतो. तेव्हा तोच 'सूंऽऽऽ' पानागणिक बारीक आणि फिका करत न्या. वाचकाला आकडा न दाखवता दाब कळतो.

अक्षरं

देवनागरीत ओळींमध्ये जागा जास्त लागते. वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना धडकतात. छापून ९ ते १० पॉइंटची अक्षरं ठेवा आणि ओळींचं अंतर १४ पॉइंटच्या आसपास. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओरडणं दाखवायला रोमन लिपीसारखी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, तेव्हा जाड वजन, मोठा आकार आणि अवग्रह (ऽ) वापरा: 'दाऽऽर!' संवादाला कलम, आवाजांना बालू, यंत्राच्या पडद्यावरच्या मजकुराला मुक्ता, हे तिन्ही खुल्या परवान्याचे फॉन्ट एकमेकांपासून नीट वेगळे दिसतात.

अक्षरं चढवायला इंकस्केप किंवा स्क्रायबस चालतं. फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये जागतिक लिप्यांचा कंपोजर (World-Ready) निवडलेला हवा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. 'स्थिती', 'दुरुस्ती', 'शक्ती', 'वीर्य' हे चार शब्द टाइप करून बघा. हे नीट उमटले तर बाकीचं उमटेल. फुगे चित्रानंतर बसवू नका. कच्च्या आराखड्यातच खरा मजकूर खऱ्या आकारात ठेवून बघा, नाहीतर फुगा नेमका डब्यांवर बसतो.

रंग आणि काळं

रंग जमाखर्चाला बांधा. पूर्ण वीज असताना पांढरट पिवळा उजेड, वीज कापल्यावर एका दिव्याचा नारिंगी, शेवटी फक्त यंत्रांचा हिरवा. तीन संच पुरेत. थंडीची गोष्ट असेल तर नारिंगीही हळूहळू राखाडीकडे न्या. याचसाठी थंडी आणि उष्मा दोन्ही एका अंकात नको म्हटलं.

छापायच्या पानाचा आकार १६८ बाय २६० मिलिमीटर धरला, तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारी जादा कड, मिळून १७४ बाय २६६ होतात. मूळ चित्र दीडपट काढा, २६१ बाय ३९९, ते ए३ कागदात बसतं. मजकूर कटिंगच्या रेषेपासून १० मिलिमीटर आत. दीडपट काढलेलं चित्र छापताना लहान होतं, म्हणून ०.२ पेक्षा बारीक पेन वापरू नका, ०.१ ची रेघ छपाईत तुटते. रेखांकन छापील आकाराला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवा, म्हणजे साधारण ४११० बाय ६२८३ पिक्सेल. रंगाला ३०० पुरतात.

अवकाशाच्या कॉमिकचा अर्धा घोळ काळ्या रंगात होतो. नुसती काळी शाई मोठ्या जागेवर करडी दिसते. मोठ्या भरावासाठी सायन ४०, मॅजेंटा ३०, पिवळा ३०, काळा १०० असं मिश्रण घ्या. चारही रंग शंभर-शंभर टक्के टाकलेत तर शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते. फुग्यातला मजकूर आणि रेघा मात्र निव्वळ काळ्या, शंभर टक्के, दुसरा रंग नको. आणि मिश्र काळ्यावर पांढरी अक्षरं टाकायची असतील तर जाड वजन घ्या. चार रंगांच्या छपाईच्या चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली तरी बारीक मात्रा आणि अनुस्वार शाईत बुडतात, आणि 'त्याचा' आणि 'त्यांचा' यांतला फरक कागदावरून नाहीसा होतो.

तारे वेगळ्या कागदावर काढा: काळ्या कार्डावर टूथब्रशने पांढऱ्या शाईचे शिंतोडे, स्कॅन, आणि मग चौकटीत बसवा. तेच शिंतोडे उलटे-सुलटे करून सगळ्या अंकाला पुरतात. पण यान गरगरत असेल तर सलग चौकटींत तोच तुकडा, आपल्या फेऱ्यांच्या हिशेबाने फिरवूनच लावा. मिनिटाला एक फेरी असेल तर दहा सेकंदांच्या दोन चौकटींमध्ये ६० अंश.

फाइल देण्याआधी सगळी पानं साध्या प्रिंटरवर खऱ्या आकारात काढा, दुमडून मधोमध टाचणी मारा आणि अंक उलटत जा. हातात लाल पेन आणि शेजारी जमाखर्चाची वही. प्रत्येक पानावर डबे मोजा, दिवे मोजा, दाराची जागा बघा, आणि विषम पान उलटण्याआधी मागच्या सम पानावरचं चित्र कागदातून आरपार दिसतंय का ते तपासा. दिसत असेल तर कागद जाड घ्या, किंवा विषम पानावर त्याच जागी काळा भराव येईल अशी चौकट हलवा.